भिंतीवरचा अर्ज

पाणीपुरवठा खात्यात मला चौतीस वर्षं झाली. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. यांतली एकोणीस वर्षं मी आस्थापना शाखेत आहे. महिन्यातून एकदा शुद्धीकरण केंद्रावर जायचं, हजेरीपट पाहायचा, लॉगबुकं तपासायची आणि पानाच्या तळाशी सही करायची, हे माझ्या कामातलं मला सर्वांत आवडणारं काम. लॉगबुक म्हणजे दर तासाला एक ओळ: टाकीतली पातळी, पाइपातला दाब, क्लोरीन आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात आवडण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. पण दिवसपाळीची पानं व्हॉल्वदादा लिहितात, आणि त्यांचं अक्षर ज्याने पाहिलं नाही त्याला हे समजावून सांगणं अवघड आहे.

व्हॉल्वदादा म्हणजे केंद्राचे व्हॉल्व ऑपरेटर. माणूस सहा फुटी, पंजे सुपाएवढे. पाणी सोडायचं जे लोखंडी चाक आहे, त्याला आम्ही दोन कारकून लटकलो तरी ते हलत नाही. दादा ते डाव्या हाताने फिरवतात आणि फिरवता फिरवता आपल्याशी बोलतही राहतात. त्याच डाव्या हाताने ते घरी पिसाच्या लेखणीने लिहितात, छंद म्हणून. लेखण्या विकतच्या नव्हेत; पिसं स्वतः वेचलेली, स्वतः भाजलेली आणि स्वतः तासलेली.

पिसं हंसांची. केंद्राच्या आवारात सहा पांढरे हंस आहेत. कागदोपत्री ती ‘बदके, नग सहा’ आहेत, पण दादांसमोर कोणी बदक म्हणालं तर ते चाक फिरवायचं थांबतात. फार पूर्वीच्या एका अभियंत्याने ते राखणीसाठी आणले होते. कुत्र्याला खाऊ टाकला की तो गप्प बसतो, हंस खाऊ खाऊन परत ओरडतो, असं त्या अभियंत्याचं म्हणणं. फाटकावर दादांनी लिहिलेली पाटी आहे: ‘हंस चावतात. आम्ही समजावून पाहिलं.’

छंदाची सुरुवात लॉगबुकातच झाली. दादा नोकरीला नवे होते. एका दुपारी दोनची नोंद करायच्या वेळेला पेन संपलं. दुसरं पेन कार्यालयात, कार्यालयाला कुलूप, आणि किल्लीवाले जेवायला गेलेले. दारात हंसाचं पीस पडलं होतं. दादांनी वायर सोलायच्या चाकूने त्याचं टोक तिरकं कापलं, शिक्क्याच्या शाईत बुडवलं आणि नोंद केली. संध्याकाळी पर्यवेक्षकांनी ते पान पाहिलं.

“हे लॉगबुक आहे की ताम्रपट?”

“नोंद वेळेवर आहे साहेब,” दादा म्हणाले.

ते पान मी जुन्या दप्तरात पाहिलं आहे. शाई थोडी पसरली आहे, पण आकडे असे बसले आहेत की आजूबाजूच्या ओळी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. त्यानंतर लॉगबुक बॉलपेननेच लिहावं असा लेखी आदेश निघाला. दादांनी तो आजवर पाळला आहे. पिसं घरी गेली.

घर म्हणजे केंद्राच्या भिंतीला लागूनच असलेलं दोन खोल्यांचं क्वार्टर. तपासणी आटपली की दादा मला चहाला नेतात. खिडकीपाशी उतरतं टेबल, त्यावर शाईच्या दोन बाटल्या, एक छोटा चाकू, आणि खाली दोन उंच पत्र्याचे डबे. एकावर लिहिलंय ‘डावी’, दुसऱ्यावर ‘उजवी’.

“हे डावं-उजवं काय प्रकरण आहे?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, “विचारू नका भावोजी, तास जाईल.”

तास गेलाच. हंस उन्हाळ्यात पंखांतली मोठी पिसं एकदम गाळतो. त्यातली प्रत्येक पंखाची पुढची पाच कामाची. डाव्या पंखाचं पीस उजव्या हाताच्या माणसाला बरं, कारण त्याचा बाक हातावरून बाहेर जातो. डावखुऱ्याला उजव्या पंखाचं. पिसाचे केस आधी काढून टाकायचे. चित्रातल्यासारखा झुपका ठेवला तर लिहिताना तो नाकात जातो. मग नळी दिवसभर पाण्यात भिजवायची आणि तापलेल्या वाळूत खुपसायची. दुधी नळी काचेसारखी स्वच्छ झाली की ती कडक झाली. मग तिरका काप, मधोमध चीर, आणि टोक आपल्या अक्षराला लागेल तेवढं रुंद.

“सहा हंस, प्रत्येकी पाच, म्हणजे माझ्या हाताची पिसं वर्षाला तीस,” दादा म्हणाले. “निम्मी चिरतानाच फुटतात. उरलेल्या पंधरांवर वर्ष काढायचं. साठा असा राहतच नाही.”

“आणि डावी?”

“पडून आहेत. उजव्या हाताचा कोणी हौशी भेटला की देईन.”

वहिनी चहा घेऊन आल्या. “लोकांचे नवरे पिऊन येतात, आमचे पिसं घेऊन येतात. लग्नाआधी माझ्या आईने सगळी चौकशी केली होती हो. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही. पिसांचं विचारायचं तिला सुचलं नाही.”

“दारूसारखा वास तरी येत नाही,” दादा म्हणाले.

“मग माझ्या कढईत वाळू तापवून तुम्ही पिसं खुपसता, तेव्हा केस जळल्यासारखा वास कुणाचा येतो? माझ्या हातच्या स्वयंपाकाचा?”

ती कढई आता दादांचीच झाली आहे. बदल्यात वहिनींच्या सगळ्या डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या लिहून दिल्या आहेत: चहा, साखर, मीठ, जिरं. एकदा वहिनींची जाऊ राहायला आली होती. सकाळी तिने सगळ्यांना चहा केला आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. चहात मीठ.

“अगं, डब्यावर एवढं मोठं ‘मीठ’ लिहिलंय, वाचलं नाहीस?” वहिनींनी विचारलं.

“वाचायचं कुठलं सुचतंय,” जाऊबाई म्हणाल्या. “मी आपली त्यातला ठ बघत राहिले.”

हा किस्सा वहिनी मला रंगवून सांगत, आणि दादांना तो फार आवडे. अक्षराची याहून मोठी तारीफ काय, असं त्यांना वाटे. मलाही तेव्हा वाटलं.

मागच्या वर्षी खात्यात नव्या कार्यकारी अभियंता आल्या. मॅडम कामाच्या चोख. आठ महिन्यांत त्यांनी केंद्राची भिंत उंच केली आणि सगळीकडे कॅमेरे बसवले. एका तपासणी अधिकाऱ्यांच्या पॅन्ट हंसांनी पोटरीपाशी फाडली होती, ती तक्रारही फायलीत होतीच. राखणीला कॅमेरे आले, मग हंस कशाला, असा सरळ हिशेब झाला आणि हंस शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सार्वजनिक बागेत पाठवायचा प्रस्ताव निघाला. त्याची प्रत केंद्रावर गेली.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्वदादा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलापुढे उभे. इतक्या वर्षांत ते मुख्य कार्यालयात आल्याचं मला आठवत नव्हतं.

“अर्ज करायचाय.”

“रजेचा?”

“हंसांचा.”

मी त्यांना बसवलं. म्हटलं, “दादा, बाग काही परदेशात नाही. उन्हाळ्यात जाऊन पिसं वेचून आणा की.”

“जाऊन आलो मी. तिथे पक्षी उडून जाऊ नयेत म्हणून एका पंखाची पिसं कातरतात.”

“मग दुसऱ्या पंखाची घ्या.”

“कातरतात कुठल्या, तेही विचारून आलो.” दादांनी डावा पंजा टेबलावर ठेवला. “उजव्या.”

माणसाच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. संध्याकाळी हातपाय धुऊन खिडकीपाशी बसायचं आणि एकेका अक्षराला पाच-पाच मिनिटं द्यायची, एवढंच त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. मी त्यांना अर्जाची रीत सांगितली. वर ‘प्रति’, मग विषय, मग मजकूर, खाली सही. आवक शाखेत द्यायचा, क्रमांक घ्यायचा. “आणि स्वच्छ अक्षरात लिहा, म्हणजे झालं,” असंही म्हणालो. हे शेवटचं त्यांना सांगायची काही गरज नव्हती.

अर्ज लिहायला दादांनी नऊ दिवस घेतले. चार कागद बाद केले. डब्यात उरलेल्या तीन लेखण्यांपैकी सर्वांत चांगली त्यासाठी काढली. दहाव्या दिवशी तो घेऊन आले तेव्हा मी रजेवर होतो आणि आवकवाल्या बाई जेवायला गेल्या होत्या. दादा अर्ज दोन्ही हातांवर आडवा धरून व्हरांड्यात उभे राहिले. तेवढ्यात मॅडम तिथून चालल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, “अरे वा! हे तुम्ही लिहिलंत?” म्हणाल्या, आणि तो घेऊन केबिनमध्ये गेल्या.

पुढच्या सोमवारी मी तपासणीला गेलो तर दादा खुशीत. चाक फिरवताना शीळ चालली होती.

“झालं काम. मॅडमनी अर्जाला फ्रेम केली.”

“काय केलं?”

“फ्रेम. काचेची. शिपाई सांगत होता, खुर्चीच्या मागेच लावलाय. मंजूर केल्याशिवाय कुणी अर्ज भिंतीवर लावतं होय?”

मंजूर झालेला अर्ज भिंतीवर लावल्याचं मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. पण नामंजूर झालेलाही लावल्याचं पाहिलं नव्हतं. मॅडम नव्या आहेत, त्यांची पद्धत वेगळी असेल, असं स्वतःला सांगून मी गप्प बसलो. वहिनींनी त्या दिवशी चहाबरोबर शिराही केला होता.

बुधवारी मी सह्यांचे कागद घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. तिसरा कागद गाडीच्या मागणीचा होता. टेम्पो एक, उद्या सकाळी अकरा वाजता, शुद्धीकरण केंद्र ते बाग, बदके नग सहा. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, काचेमागे, दादांचा अर्ज होता. शिरोरेघा अशा सरळ की पट्टी लावून पाहावं, आणि प्रत्येक अक्षराच्या पोटात उजेड.

“मॅडम, एक विचारू? हा मागचा कागद…”

“सुंदर आहे ना?” त्या हसल्या. “येणारा प्रत्येक माणूस विचारतो. परवा बैठकीला आलेल्या निम्म्या लोकांनी फोटो काढले त्याचे.”

“त्यात काय लिहिलंय?”

“काय म्हणजे? सुविचार असेल काहीतरी.”

मी काचेकडे बोट दाखवलं. मॅडमनी खुर्ची वळवली, मग उठून उभ्याच राहिल्या.

“‘प्रति, माननीय कार्यकारी अभियंता…’ अहो, हे तर मलाच लिहिलंय!”

आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या.

“‘विषय: सहा हंस आहेत तिथेच ठेवण्याबाबत. महोदया, वरील हंसांची गळालेली पिसं मी तीस वर्षं लिहिण्यासाठी वापरत आहे. पिसासाठी एकाही हंसाला कधी हात लावलेला नाही. राखणीचं काम आता कॅमेरे करतील हे मला मान्य आहे. हंसांची गरज खात्याला नसून मला आहे, हे प्रामाणिकपणे कळवतो. मी दोन वर्षांनी निवृत्त होईन. तोवर ते राहावेत. त्यानंतर येणाऱ्याला पिसं लागतील असं नाही. तेव्हा योग्य तो निर्णय घ्यावा. आपला नम्र.’”

त्या खाली बसल्या. पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

“इतके दिवस माझ्या डोक्यावर टांगलाय हा. आणि त्यांना काय वाटलं असेल?”

“मंजूर झाला असं वाटलंय. परवा शिरा खाऊन आलो मी.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, “माणूस खरं बोलतोय. पण यावर मी लिहू काय? लेखणीसाठी पिसं हवीत, सबब हंस ठेवावेत? वरचे मलाच बागेत पाठवतील.”

“मॅडम, मला अर्धा तास द्या.”

लॉगबुकं माझ्याकडे वर्षवार लावलेली असतात. इतकी वर्षं शेऱ्याचा रकाना मी वाचत आलो होतो, त्यामुळे काय शोधायचं ते मला ठाऊक होतं. खुणेला चिठ्ठ्या घालून मी सात लॉगबुकं त्यांच्या टेबलावर ठेवली. पहिली नोंद अशी: ‘हंस सकाळपासून पूर्वेच्या कोपऱ्यात जमले आहेत. जमीन वरून कोरडी. खणून पाहिलं. मुख्य पाइपाचा जोड गळत होता. दुरुस्त केला.’ दुसऱ्या पुस्तकात असंच काही, पश्चिमेच्या भिंतीपाशी. एकोणीस वर्षांत अशा अकरा नोंदी. जमिनीखाली कुठे पाणी झिरपायला लागलं की माती मऊ होते, त्यात किडे वर येतात आणि हंस माणसांच्या आधी तिथे पोचतात. दादा हंसांवर लक्ष ठेवत, आणि जिथे हंस तिथे कुदळ मारत.

मॅडमनी अकराच्या अकरा नोंदी वाचल्या. हाडाच्या अभियंता त्या. गळती म्हटलं की त्यांचा चेहराच बदलतो. त्यांनी केंद्रावर फोन लावून माझ्या हातात दिला.

“दादा, अर्जात गळतीचं का नाही लिहिलंत?”

“ते लॉगबुकात आहे की,” दादा पलीकडून म्हणाले. “एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?”

“अहो, पण लॉगबुक वाचतं कोण?”

“तुम्ही वाचता.”

मॅडमनी गाडीच्या मागणीवर तिरकी रेघ मारली. पण निर्णय घ्यायचा तर अर्जावर घ्यावा लागतो, आणि आवक क्रमांक नसेल तर खात्याच्या दृष्टीने अर्ज आलेलाच नसतो. दादांना बोलावून घेतलं. ते सायकलने आले. मी जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं, कारण केबिनमध्ये पाहुण्यांसारखं हसत शिरून त्यांची फजिती व्हावी हे मला नको होतं. त्यांनी ऐकून घेतलं, घाम पुसला.

“म्हणजे कुणी वाचलाच नव्हता?”

“नाही.”

“मीठ,” दादा म्हणाले, आणि जिना चढायला लागले.

शिपायाने स्क्रू काढून काच बाजूला केली. कागद आवकवाल्या बाईंच्या टेबलावर आला तशा त्या खुर्चीसह मागे सरकल्या.

“मी नाही शिक्का मारणार यावर. पाप लागेल.”

“मारा बाई,” दादा म्हणाले. “शिक्क्याशिवाय तो नुसता कागद आहे.”

“कुठे मारू?”

“कुठेही.”

बाईंनी समास धरून नेम घेतला, डोळे मिटले आणि शिक्का हाणला. तो समास सोडून तिरका, विषयाच्या ओळीच्या शेपटावर उमटला. जांभळा. सगळी शाखा “अरेरे” म्हणाली. दादा वाकून बघत होते.

“शाई चांगली आहे तुमची,” ते म्हणाले. “पसरत नाही.”

मॅडमनी आदेश काढला. उघड्या टाक्यांच्या बाजूला जाळी लावावी, हंस आवारातच ठेवावेत, आणि ते कुठे जमतात याची नोंद दिवसपाळीने रोज शेऱ्याच्या रकान्यात करावी. मुदत काही घातली नाही. अर्जाची एक प्रत फायलीला लागली आणि मूळ कागद पुन्हा काचेमागे गेला, या वेळी दादांच्या लेखी संमतीने. आता केबिनमध्ये येणारे लोक आधी शिक्क्याकडे बोट दाखवतात, “हा अर्ज आहे?” म्हणून विचारतात, आणि मग काय मागितलंय ते जवळ जाऊन वाचतात. वहिनींचं म्हणणं, हे आधी कळलं असतं तर मिठाच्या डब्यावरही एक शिक्का मारून घेतला असता.

परवाच्या तपासणीला गेलो तेव्हा पिसं गळायचा हंगाम संपत आला होता. हंस जाळीपलीकडे चिडक्या म्हाताऱ्यांसारखे, अर्ध्या पंखांनी फिरत होते. चहा होईपर्यंत दादांनी ‘डावी’ लिहिलेल्या डब्यातून चार पिसं काढली, टोकं उजेडाला धरून पाहिली आणि माझ्यापुढे ठेवली.

“तुम्ही उजव्या हाताचे ना?”

“मला नाही जमायचं दादा. माझं अक्षर कारकुनी.”

“निवृत्त झाल्यावर काय करणार आहात?”

“ठरवलं नाही अजून.”

“मग घेऊन जा. पहिलं वर्ष फुटण्यातच जातं.”

“घेऊ नका हो भावोजी,” वहिनी आतून ओरडल्या. “आणि घेणारच असाल तर घरी विचारून कढई कुठली द्यायची ते आधी ठरवा.”

मी घेतली. मग केंद्राच्या कार्यालयात परत येऊन राहिलेलं लॉगबुक उघडलं. त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात दादांनी लिहिलं होतं: ‘हंस सहा, फाटकापाशी. गळती नाही. पिसं उजवी एकोणतीस. एक हंसाने तुडवलं.’

मी पान तपासलं आणि तळाशी सही केली. आदेशाप्रमाणे, बॉलपेनने.